केबल काढून हायड्रॉलिक स्टिअरिंग, जोडीला ऑटोपायलट: मालवणातल्या एका हंगामाचा अनुभव

गेल्या नारळी पौर्णिमेनंतर आमच्या फायबर बोटीचं जुनं केबल स्टिअरिंग काढून हायड्रॉलिक बसवलं आणि त्याच कामात ऑटोपायलटही (बोट ठरवलेल्या दिशेने आपोआप धरून ठेवणारं यंत्र; पुढे नुसता 'पायलट') जोडून घेतला. आता बोट पावसाळ्यासाठी शेडमध्ये ओढलेली आहे, अख्खा हंगाम वापरून झालाय, म्हणून सविस्तर लिहितो. बोट २४ फुटी, मागे १५० हॉर्सपॉवरचं एकच आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर बसवलेलं इंजिन. मालवणहून गळाने मासे पकडायची हौस असलेल्यांना घेऊन जातो. कधी खाली निवतीच्या खडकांपर्यंत, कधी वर देवगड, विजयदुर्गाकडे.

आधी निष्कर्ष सांगून टाकतो. पैसे एकाच कामापुरते असतील तर ते हायड्रॉलिकमध्ये घाला. पायलट नंतरही जोडता येतो, आणि स्टिअरिंग ढिलं असेल तर कितीही महागाचा पायलट त्यावर नीट चालत नाही.

केबल स्टिअरिंगमध्ये चाक फिरवलं की नळीतली पोलादी केबल ढकलली किंवा ओढली जाते आणि तिचा दांडा इंजिनाच्या टिल्ट ट्यूबमधून (इंजिनाच्या आधारातल्या आडव्या नळीतून) बाहेर येऊन इंजिन वळवतो. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत दुखणं सुरू होतं ते त्या ट्यूबमध्ये. ग्रीस वाळतं, त्यात मीठ बसतं, आणि दोन-अडीच महिने बोट उभी राहिली की दांडा आत धरून बसतो. शिवाय इंजिनाच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) फिरण्याचा जोर सतत चाकावर येतो. वेग वाढवला की आमची बोट उजवीकडे ओढायची. विजयदुर्गापर्यंत तीसेक नॉटिकल मैल चाक डावीकडे दाबून धरायचं, तेही मार्च-एप्रिलच्या वरच्या (वायव्येकडून येणाऱ्या) वाऱ्यात, म्हणजे संध्याकाळी खांदा भरून यायचा.

हायड्रॉलिकमध्ये चाकामागे छोटा पंप असतो. चाक फिरवलं की तेल होजमधून मागच्या सिलिंडरमध्ये जातं. पंपातल्या झडपा तेल उलटं येऊ देत नाहीत, त्यामुळे इंजिनाचा जोर हातापर्यंत पोचतच नाही. चाक सोडलं तरी इंजिन जिथे आहे तिथेच राहतं. आम्ही सीस्टार कंपनीचा, इंजिनाच्या पुढे बसणारा सिलिंडर आणि १.७ घन इंचाचा पंप घेतला. या जोडीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाकाचे साधारण पाच फेरे होतात. जुन्या चाकाला कमी लागायचे, त्यामुळे धक्क्याला लावताना सुरुवातीला हात अपुरा पडल्यासारखा वाटतो. आता माझी चौदा वर्षांची मुलगीही एका हाताने बोट वळवते. जुन्या चाकावर तिला ते जमत नव्हतं.

एक गोष्ट मात्र विकणारे सांगत नाहीत. केबलच्या चाकाला मध्य असतो. वरची दांडी सरळ म्हणजे इंजिन सरळ. हायड्रॉलिकला तसा कायमचा मध्य नाही. तेल झडपांतून किंचित सरकत राहतं आणि आज वर असलेली दांडी परवा बाजूला गेलेली असते. आमच्या वाड्यातल्या एका जुन्या तांडेलांनी पहिल्याच फेरीत बजावलं, "इंजिन खंय बघता ता चाकाक इचारू नको, मागे वळान बघ." जेटी सोडताना, गिअर टाकायच्या आधी, मी आजही मागे वळून बघतो. पायलटच्या स्क्रीनवर इंजिनाचा कोन दाखवायचा तर वेगळा सेन्सर लागतो. आम्ही घेतलेल्या संचात तो नाही.

आता बसवण्याचं काम, कारण सगळं यश-अपयश इथेच ठरतं. ज्यांच्याकडून काम करून घेतलं त्यांनी सिस्टीममधली हवा पुरती काढली नव्हती. चाकाला स्पंजासारखा दाब लागायचा, आणि पायलट लावला की मागचा फेसाचा पट्टा नागमोडी दिसायचा. कारण सरळ आहे: तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पायलट इंजिन हलवायला पंप फिरवतो, हवा आधी दबते, इंजिन उशिरा वळतं, तोवर बोट भरकटलेली असते. मग तो उलट्या बाजूला जास्त वळवतो. शेवटी आम्ही दोघांनी घरीच पुन्हा हवा काढली. चाकाच्या पंपावर तेलाची बाटली उलटी लावायची, सिलिंडरच्या निपलला (हवा काढायच्या छोट्या तोंडाला) पारदर्शक नळी जोडून ती दुसऱ्या बाटलीत सोडायची. एकाने चाक फिरवायचं, दुसऱ्याने निपल उघडून नळीकडे बघत राहायचं. आधी दुधासारखं पांढुरकं तेल आलं, मग मण्यांसारखे बुडबुडे, मग एखाददुसरा, आणि मग लाल तेलाची अखंड धार. पायलटच्या पंपाकडे जाणाऱ्या होजमध्येही हवा अडकते, तिथून ती वेगळी काढावी लागते. हे झालं आणि दुसऱ्या दिवशी फेसाचा पट्टा सरळ.

पायलट रेमरीन कंपनीचा इव्होल्यूशन घेतला. त्याचे मुख्य भाग चार: दिशा ओळखणारा सेन्सर, कंट्रोल युनिट, चाकाजवळचा बटणांचा डबा आणि हायड्रॉलिक पंप. पंप निवडताना सिलिंडरमध्ये तेल किती मावतं ते आधी बघा. आमच्यात साधारण १४० सीसी मावतं. त्यांचा टाइप १ पंप ८० ते २३० सीसीसाठी आहे, म्हणून तो बसला. छोटा ०.५ पंप ११० सीसीपर्यंतच. स्वस्त म्हणून छोटा घेतलात तर इंजिन हळू वळेल आणि लाटेत पायलट मागे पडेल. सेन्सर आम्ही बोटीच्या मध्यावर, खालच्या बाजूला लावला. स्पीकर, होकायंत्र, मोटर यांपासून निदान मीटरभर लांब, आणि पुढच्या नांगराच्या साखळीपासूनही लांब. साखळी लोखंडी, ती कधी आत असते, कधी पाण्यात. सेन्सर जवळ असेल तर तिच्या जागेनुसार दिशा बदलते. जोडणी झाल्यावर शांत पाण्यात, ३ ते १५ नॉटच्या वेगात किमान २७० अंशांचा वळसा घेतला की तो आपलं होकायंत्र स्वतः जुळवून घेतो.

खरा फायदा दिसला तो सुरमईच्या ट्रोलिंगला. मागे नकली मासे सोडून सहा नॉटच्या आसपास तासन् तास एका रेषेत जायचं असतं, आणि आउटबोर्डच्या बोटी नेमक्या त्याच वेगात जास्त भरकटतात. पूर्वी एक माणूस चाकाला बांधलेला असायचा. बोट भरकटली की दोन दोऱ्या एकमेकींत गुंतायच्या. आता आचऱ्यासमोरून देवगडच्या पवनचक्क्या दिसेपर्यंत पायलट रेषा धरतो आणि चाकामागे बसलेल्याचेही हात मोकळे. गेदर (ट्यूना) लागली की वेग कमी करायचा, दहा-दहा अंशांचं बटण दाबून बोट हळू बाजूला घ्यायची, दोरी पंख्यापासून लांब राहते. मासा सुटण्याचं प्रमाण कमी झालं हे मी ठामपणे सांगतो.

पायलट चालू असताना चाक हलत नाही, इंजिन मागे आपलं आपण वळत असतं. आणि आमच्या संचात चाक फिरवून पायलट सुटत नाही; आधी स्टँडबाय (पायलट सोडवायचं बटण) दाबायचं, मग चाक. गार्मिनच्या पायलटमध्ये शॅडो ड्राइव्ह नावाची सोय मिळते, त्यात चाक वळवलं की पायलट बाजूला होतो. नवीन घेणाऱ्यांनी याचा विचार जरूर करावा. बोटीवर येणाऱ्या प्रत्येकाला मी स्टँडबायचं बटण आधी दाखवतो, लाइफ जॅकेट नंतर देतो.

दुपारनंतर विजयदुर्गाकडून परत येताना वरच्या वाऱ्याची लाट उजव्या खांद्यामागून येते. या लाटेत पायलट दमतो. लाट बोटीचं मागचं अंग उचलून बाजूला फेकते आणि पायलटला ते फेकल्यावर कळतं. माणसाला लाट येताना दिसते, तो आधीच चाक वळवतो. पायलटचा रिस्पॉन्स 'लेझर' (सौम्य) वरून 'परफॉर्मन्स' (चपळ) वर नेला की बरंच सुधारतं, पण बॅटरी जास्त खाते. लाट मोठी असेल तर मी हातानेच चालवतो. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडपांत आणि देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी तर पायलट लावायचाच नाही. तिथली वाळू दर हंगामाला जागा बदलते.

आणि जाळी. संध्याकाळी सुरमईची जाळी पडतात. बोया म्हणजे कधी थर्माकोलचा तुकडा, कधी तेलाचा रिकामा कॅन, तोही उन्हाच्या चकाकीत दिसत नाही. पायलटला दिशा कळते, जाळी कळत नाहीत. जाळं पंख्यात गेलं तर आपलं इंजिन जातं आणि समोरच्या गरीब माणसाचं हजारो रुपयांचं जाळं फाटतं. त्यात नुकसान त्याचंच जास्त. समुद्रातल्या टकरी टाळण्यासाठी १९७२ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम डोळे आणि कान उघडे ठेवून सतत पहारा ठेवायला सांगतो, आणि त्यातून पायलटला सूट नाही. चाकामागची खुर्ची आम्ही कधीच रिकामी ठेवत नाही.

याहून महत्त्वाचं: पायलटवर असताना माणूस पाण्यात पडला तर बोट त्याच दिशेने शांतपणे निघून जाते. एकटे असाल तर किल स्विचची (ओढली की इंजिन बंद करणारी) दोरी अंगाला अडकवल्याशिवाय ऑटोचं बटण दाबू नका. हे हात जोडून सांगतो.

विजेचं थोडक्यात. कमी आरपीएमला आउटबोर्ड कमी चार्जिंग करतं, आणि ट्रोलिंगला पायलट, फिश फाइंडर, माशांच्या टाकीचा पंप सगळं एकदम चालू असतं. व्होल्टेज पडलं की पायलट अलार्म देऊन सुटतो. इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी ठेवली, पायलटला स्वतंत्र ब्रेकर आणि कथिलाचा मुलामा दिलेली (टिन केलेली) जाड तांब्याची वायर दिली, त्यानंतर त्रास नाही. साधी तांब्याची वायर इथे एका पावसात हिरवी पडते.

देखभाल केबलपेक्षा कमी, पण शून्य नाही. प्रत्येक फेरीनंतर सिलिंडरचा दांडा गोड्या पाण्याने धुऊन फडक्याने पुसतो. वाळलेल्या मिठाचे कण सील कापतात. तेलाची पातळी महिन्याला बघतो. सिलिंडरचा आधाराचा दांडाही टिल्ट ट्यूबमधूनच जातो, म्हणून ती ट्यूब साफ करून मरीन ग्रीस भरायचं काम चुकलेलं नाही. सध्या होजची टोकं आणि सील तपासून घेतोय. एका निपलखाली तेलाचा हलका ओलावा दिसतोय, सीलचा नवा संच मागवला आहे आणि तो ऑगस्टच्या आत बसवून पुन्हा हवा काढणार.