कंपनीची अटेंडंट की ब्युरोची मावशी: घरातली माहिती कुणाच्या हाती?

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं त्याला आता सव्वा वर्ष होईल. पहिले साडेतीन महिने आमच्या पुण्याच्या घरी ॲपवरून बुक केलेल्या होमकेअर कंपनीच्या अटेंडंट येत होत्या, त्यानंतर आजवर ब्युरोच्या, म्हणजे पेशंट सांभाळायला बायका पुरवणाऱ्या छोट्या एजन्सीच्या, मावशी येतात. दोन्ही करून झाल्यामुळे ओळखीतलं कुणी ना कुणी फोन करून विचारतं, 'काय घेऊ रे?' रेट, १२ तास की २४ तास, सिस्टर लागेल की आया पुरेल, हे विचारणाऱ्यानं आधीच चार ठिकाणी विचारलेलं असतं. ते सोडून देतो. मला सांगायचंय ते वेगळंच: आपण ह्या लोकांना घरातली जी माहिती देतो ती जाते कुठं, राहते किती दिवस आणि दिसते कुणाकुणाला.

माहिती म्हटलं की आपल्याला आधार कार्ड आठवतं. पहिल्या आठवड्यात मी काय काय देऊन बसलो ह्याची नंतर एकदा मोजदाद केली. डिस्चार्ज पेपर, गोळ्यांची यादी, मेडिक्लेम पॉलिसीचा नंबर, आईला रात्री लघवी आवरत नाही ही गोष्ट, जादा किल्ली समोरच्या काकूंकडे असते हे, आणि सकाळी दहा ते संध्याकाळी सात घरात आईशिवाय कुणी नसतं हेही. चोराला निवडायला सांगितलं तर तो आधारचा नंबर सोडून देईल आणि हे शेवटचं वाक्य उचलेल.

कंपनीपासून सुरू करतो, कारण कागदावर तीच वरचढ आहे. अटेंडंटला माझा मोबाइल नंबर दिसत नसे, फोन कंपनीच्या नंबरावरून फिरून यायचा. बीपीच्या नोंदी, बिलं, डॉक्टरांच्या सूचना ॲपमध्ये, लॉगिन केल्याशिवाय दिसायच्या नाहीत. तक्रारीसाठी मेलचा पत्ता. हे सगळं मला मनापासून आवडलं होतं आणि आजही त्याला नावं ठेवणार नाही.

संमतीचा प्रकार मात्र असा झाला. मी हॉस्पिटलात बिलाच्या रांगेत उभा, आणि को-ऑर्डिनेटरचा फोन. 'सर, एक ओटीपी आला असेल, तेवढा सांगा, म्हणजे उद्या सकाळी अटेंडंट येईल.' सांगितला. संध्याकाळी मेल आली, अटी मान्य केल्याबद्दल आभार, सोबत २१ पानी इंग्रजी मजकूर. रांगेत उभं राहून मी २१ पानांना होकार दिला होता, तोही आईच्या वतीनं. आई ७८ वर्षांची आहे, पण रोजचं शब्दकोडं पेनानं सोडवते. आजार तिचा, शरीर तिचं, माहिती तिची. तिला कुणी विचारलंच नाही. मीही विचारलं नाही, हे कबूल करायला हवं.

आपल्याकडे आता २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. संमती मागताना काय माहिती घेणार आणि कशासाठी हे साध्या भाषेत सांगायचं, ते इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत, म्हणजे मराठीतसुद्धा, वाचायची सोय द्यायची, आणि दिलेली संमती काढून घेणं हे ती देण्याइतकंच सोपं ठेवायचं, असं त्यात आहे. माहितीच्या सुरक्षेत हयगय केली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. मात्र त्याचे नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि कंपन्यांना खऱ्या अर्थानं बांधून घालणारी बहुतेक कलमं लागू व्हायला तिथून १८ महिन्यांची मुदत आहे. तोवर कंपनीनं चांगलं वागणं हा बराचसा तिच्या मर्जीचा मामला.

आता ब्युरो. पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या जिन्याखालची खोली, लोखंडी टेबल, दोन मोबाइल आणि लाल कापडी पुठ्ठ्याचं लांबलचक रजिस्टर. चालवणाऱ्या ताई साठीच्या. मी गेलो तेव्हा त्या फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, 'अगं त्या कर्वेनगरच्या आजोबांना आता काहीच ओळखू येत नाही, मुलगी पण कंटाळलीय.' समोरच्या बाकावर मी धरून तीन माणसं. दोन मिनिटांत मला एका अनोळखी घरातलं दुखणं आणि तिथल्या मुलीचा मूड, दोन्ही कळलं. उद्या ह्याच बाकावर बसून कुणीतरी आमच्या घराबद्दल ऐकणार, हे तेव्हाच लक्षात आलं आणि मी जवळजवळ उठलोच होतो.

टेबलामागच्या रॅकवर बॉक्स फाइली, त्यांत आधारच्या झेरॉक्सा, पेशंटच्याही आणि मावश्यांच्याही. कुलूप नाही. आणि गंमत बघा, वर सांगितलेला कायदा डिजिटल माहितीसाठी आहे, किंवा कागदावर घेऊन नंतर कॉम्प्युटरवर चढवलेल्या माहितीसाठी. ताईंचं लाल रजिस्टर कधीच कॉम्प्युटरवर चढत नाही, म्हणजे त्याला हा कायदा शिवतही नाही. ताईंच्या मोबाइलमधले नंबर आणि मेसेज त्याच्या कक्षेत येतील, रजिस्टर नाही. कायद्याच्या बाजूनं विचार केला तर निर्णय इथंच व्हायला हवा होता: कंपनी.

तरी माझा झाला उलटा. आणि तो झाला सेल्फीवरून.

कंपनीच्या अटेंडंटनं वेळेवर आल्याचा पुरावा म्हणून रोज सकाळी ड्युटी सुरू करताना एक सेल्फी ॲपवर टाकायचा असे. ठिकाण आणि वेळ फोटोवर आपोआप उमटायची. कल्पना वाईट नाही, दांडी मारणाऱ्यांना चाप बसतो. पण ॲपची अट अशी की फोटोत पेशंटचा पलंग दिसला पाहिजे, नाहीतर बाई जिन्यातच सेल्फी काढून पसार व्हायची. त्यामुळे रोज सकाळी आठच्या आधी, आईनं तोंडसुद्धा धुतलेलं नसताना, तिच्या पलंगाशी फोन उंच धरून फोटो निघायचा. पुढं अटेंडंटचा चेहरा, मागं आई. गाऊनमध्ये, केस विस्कटलेले, बऱ्याचदा दात वाटीत.

माझी आई दूधवाल्यासाठी दार उघडतानासुद्धा आधी केसांवरून हात फिरवणारी. तिनं तीन आठवडे काही म्हटलं नाही. मग एका रविवारी चहा घेताना सहज विचारावं तसं विचारलं, 'ती रोज माझा फोटो काढते, तो जातो कुठं रे?'

मला उत्तर देता आलं नाही. फोन लावला. 'सर, तो इंटर्नल आहे, फक्त ऑपरेशन टीमला दिसतो.' टीममध्ये किती जण? 'सर, तिकीट रेज करते,' म्हणजे तक्रार नोंदवते. दोन दिवसांनी मेसेज, आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सेल्फी. पुन्हा फोन, पुन्हा तिकीट, पुन्हा 'सोडवण्यात आली'. अटेंडंटला म्हटलं, जरा दाराकडं तोंड करून काढ. ती बिचारी म्हणाली, 'दादा, बेड दिसला नाही तर ॲप फोटो घेत नाही, माझी हजेरी कापतात.' तिचंही खरं होतं. शेवटी मी आणि आईनं एक युक्ती काढली: सेल्फीच्या वेळी आईनं पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायचं. पलंग दिसायचा, हजेरी लागायची, आणि माझी आई रोज सकाळी स्वतःच्या घरात अर्धा मिनिट तोंड लपवून पडायची. आठवडाभर हे पाहिलं आणि सेवा बंद केली.

साडेतीन महिन्यांचे म्हणजे शंभराच्या आसपास फोटो झाले असतील. ते पुसा म्हणून मी लेखी कळवलं. पोच आली, उत्तर आलेलं नाही.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. त्या साडेतीन महिन्यांत आमच्याकडे नऊ वेगवेगळ्या अटेंडंट आल्या, कारण बदली सारखी व्हायची. प्रत्येकीच्या फोनवर आदल्या रात्री आईचं नाव, वय, दुखणं, पत्ता आणि नकाशावरची खूण जायची. म्हणजे नऊ फोन. त्यातल्या किती जणी आज त्या कंपनीत आहेत, देव जाणे. उलट दिशेनंही तेच: प्रत्येक नवी बाई येण्याआधी मला तिचं 'प्रोफाइल' व्हॉट्सॲपवर यायचं, त्यात तिच्या आधारचा पुरा नंबर आणि गावचा पत्ता. मला तो कशाला हवा होता? तिचं कार्ड जी कंपनी इतक्या सहज मला पाठवते, ती माझं कुणाला पाठवत असेल, असा विचार तेव्हाच यायला हवा होता.

ब्युरोत परत गेलो तो ह्या सगळ्या पार्श्वभूमीवर. ताईंना म्हटलं, मला चार गोष्टी हव्यात. आधार देईन तो मास्क्ड, म्हणजे पहिले आठ आकडे झाकलेला. आधारच्या वेबसाइटवरून असं कार्ड डाउनलोड करता येतं आणि त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्सवर 'फक्त ह्या ब्युरोसाठी' असं तारखेसकट आडवं लिहून देईन. घरात आईचा फोटो कुणी काढायचा नाही, अंघोळीच्या वेळी मावशींचा फोन स्वयंपाकघरात राहील. आणि तुमच्या बाकावर आमच्या घराचं नाव निघायचं नाही.

पहिल्या तिन्हींना त्या हो म्हणाल्या. चौथ्यावर थोड्या ओशाळल्या आणि म्हणाल्या, 'सवय आहे हो, पण लक्षात ठेवीन.' पुढं एकदा पैसे द्यायला गेलो असताना फोन आला, तर बोलता बोलता माझ्याकडे बघून त्या खोलीबाहेर गेल्या. रजिस्टरात आधी लिहून घेतलेली मेडिक्लेमची ओळ नको होती म्हणून मी ती काढायला सांगितली. पान फाडता येईना, मागं दुसऱ्या कुणाचा तरी हिशेब होता. त्यांनी बॉलपेननं ती ओळ इतकी गिरवली की कागदाला भोक पडलं. मी समोर उभा होतो. माझ्या अनुभवात माहिती पुसली गेल्याचा एवढा एकच पुरावा आहे.

सव्वा वर्षातल्या उरलेल्या काळात ब्युरोकडून मावश्या आल्या तीन. आताच्या मावशींना आईच्या गोळ्या, सवयी, खोड्या तोंडपाठ आहेत आणि त्यांच्या फोनमध्ये आईबद्दल एक अक्षर नाही, कारण फोन साधा आहे. हा योगायोग आहे हे मला कळतं. उद्या स्मार्टफोनवाली आली तर हीच अट तिला नव्यानं सांगावी लागेल. आमच्या गोष्टी त्या दुसऱ्या घरी जाऊन सांगत नसतील असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही. बाईमाणसं बोलतात, पुरुषही बोलतात. पण बोललेलं चार दिवसांत विरतं, आणि कोण बोललं हे शोधता येतं. आईचे ते शंभर फोटो कुठं आहेत, हे मात्र मी शोधू शकत नाही.

आता तुमच्यासाठी. तुम्ही न्यू जर्सीत किंवा सिंगापूरला असाल आणि आईबाबा इथं एकटे असतील, तर बहुधा कंपनीच घ्या. लेखी नोंद, ॲपवरचा बीपी, कोण कधी आलं ह्याचा पुरावा हे तुम्हाला लागणारच, आणि जिन्याखालच्या खोलीत जाऊन ओळ खोडून घेणं तुम्हाला जमणार नाही. गळ्यातली नळी, सलाइन, ऑक्सिजन असं काही असेल तरीही कंपनी, कारण तिथं नोंद हीच सुरक्षितता. शिवाय सगळ्याच कंपन्या पलंगाजवळचा सेल्फी मागत असतील असं नाही. बुक करण्याआधी एवढंच विचारा: हजेरी कशी लावता, आणि त्यात पेशंट दिसतो का? उत्तर देणाऱ्यानं 'तिकीट' म्हटलं तर जरा थांबा.

पण रोज संध्याकाळी तुम्ही स्वतः घरी येणार असाल, दुखणं साधं असेल आणि ब्युरोवाल्या ताईंशी समोरासमोर बोलता येत असेल, तर मी ब्युरोकडे झुकेन. कॅमेऱ्याचा सल्लाही तुम्हाला कुणीतरी देईल, आम्हालाही भाच्यानं दिला. आम्ही तो लावला फक्त हॉलमध्ये, मावशींना दाखवून. आतल्या खोलीत त्या कपडे बदलतात.

त्या कंपनीचा अजून महिन्या-दीड महिन्यानं मेसेज येतो. आईचं पूर्ण नाव, अचूक स्पेलिंग, खुब्याच्या ऑपरेशनचा उल्लेख, आणि पुन्हा सेवा सुरू केल्यास १० टक्के सूट. परवाचा मेसेज मी आईला वाचून दाखवला. तिनं विचारलं, 'फोटो पण आहे का त्यात?'