अँकी ॲप : कार्डे स्वतःच लिहावीत

जर्मनीत वाढणाऱ्या नातवाशी त्याच्या शाळेतल्या भाषेत चार वाक्ये बोलता यावीत, म्हणून वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी जर्मन शिकायला घेतले आणि गेले आठ महिने 'अँकी' हे ॲप रोज वापरत आहे. डेमियन एल्म्स यांनी २००६ मध्ये आणलेले हे ॲप संगणकावर व अँड्रॉइड फोनवर विनामूल्य मिळते. आयफोनवर मात्र विकत घ्यावे लागते. कार्डाच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. तो किती सहज आठवला हे चारपैकी एक बटण दाबून सांगितले, की ते कार्ड पुन्हा कधी दाखवायचे हे ॲप ठरवते.

उजळणीची वेळ साधण्याचे काम अँकी चोख करते, पण कार्डावर काय असावे हे आपल्यावर सोपवलेले असते आणि सारे यश तिथेच ठरते. आरंभी मी कोणीतरी केलेला तयार संच उतरवून घेतला होता. त्यातले शब्द पडद्यावर ओळखू येत, पण नातवाशी बोलताना एकही ओठांवर येत नसे. तेव्हा तो संच काढून टाकला आणि स्वतः कार्डे लिहू लागले. 'श्पारझाम', म्हणजे काटकसरी, या शब्दाखाली वाण्याच्या पुडीचा दोरा सोडवून गुंडाळून ठेवणारी माझी आई आली; 'गेलेंडर', म्हणजे कठडा, याखाली आमच्या वाड्यातला तो जिना, जिथे घसरगुंडी खेळताना माझा पुढचा दात पडला. हे शब्द पुन्हा पाठ करावे लागले नाहीत.

यामागे जुने संशोधन आहे. रॉजर्स, काइपर आणि कर्कर या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना विशेषणे दाखवून कुठे अक्षरांचा आकार, कुठे यमक, कुठे अर्थ, तर कुठे 'हे तुम्हाला लागू पडते का?' असे विचारले; पूर्वसूचना न देता नंतर ती आठवायला सांगितली, तेव्हा स्वतःला लावून पाहिलेली विशेषणे सर्वाधिक आठवली. स्वतःविषयीची माहिती मनात सर्वांत दाट आणि नीट लावलेली असते. नवा शब्द तिच्यात गुंतला की त्याच्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटा वाढतात. आईसारख्या अगदी जवळच्या माणसाशी जोडलेले शब्दही चांगले टिकतात, हेही पुढच्या अभ्यासांत दिसले आहे.

या पद्धतीला वेळ लागतो. एका कार्डाला मला तीन-चार मिनिटे लागतात, त्यामुळे दिवसाला दहाच होतात. शिवाय नामांची लिंगे अशा आठवणींना चिकटत नाहीत, ती घोकावीच लागतात. तरीही ॲप जरूर घ्यावे असे मी सांगेन. माझ्या मैत्रिणीने माझा संच मागितला, तेव्हा तो न देता तिची पहिली दहा कार्डे मी शेजारी बसून तिच्याकडूनच लिहून घेतली. तिच्या 'गेलेंडर'वर गॅलरीत वाळत घातलेल्या गोधड्या आहेत.