डेंट काढायचं ग्लू-पुलर किट: फेंडरला चालतं, बंपरला नाही

किरकोळ टक्करीला अमेरिकेत 'फेंडर बेंडर' म्हणतात. फेंडर म्हणजे चाकावरचा पत्रा, आपलं मडगार्ड. जुन्या गाड्यांत तो बॉडीबाहेर आलेला असायचा, त्यामुळे आधी तोच वाकायचा. हे किट अशाच पोच्यांसाठी आहे. रंग न उडवता पत्रा बाहेर ओढायचा, एवढंच त्याचं काम.

डब्यातलं खरं हत्यार म्हणजे टी-आकाराचा लिफ्टर आणि प्लॅस्टिकच्या टॅब, म्हणजे पोच्यावर ग्लूने चिकटवायच्या छोट्या चकत्या. सोबतचा सक्शन कप फक्त पसरट, उथळ पोच्यांना उपयोगी. नाण्याएवढ्या पोच्यावर तो धरतच नाही. ग्लू गनमध्ये वितळवायच्या ग्लूच्या कांड्या मात्र हलक्या प्रतीच्या आहेत. एप्रिल-मेच्या उन्हात त्या मऊच राहतात आणि टॅब नुसती निसटते. डेंट काढण्यासाठीच्या वेगळ्या कांड्या घ्या आणि काम सावलीत करा.

पत्रा धुऊन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मेण किंवा पॉलिशचा थर राहिला तर ग्लू धरत नाही, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. टॅब पोच्यापेक्षा थोडी लहान निवडा, ग्लू लावून पोच्याच्या सर्वांत खोल जागी टेकवा आणि तो थंड होऊ द्या. मग टॅब लिफ्टरमध्ये अडकवून हळूहळू ओढा. एका दणक्यात ओढलंत तर पत्र्याला उलटा फुगवटा येतो, तो पेनासारख्या पंचाने हलकेच ठोकून बसवावा लागतो. थोडं-थोडं चार-पाच वेळा ओढणंच बरं. उरलेल्या ग्लूच्या कडेला अल्कोहोल सोडा, जरा थांबा, तो आपोआप सुटेल. नखाने किंवा चाकूने खरवडू नका.

दुरुस्तीनंतर पुन्हा रंगवलेल्या पॅनलवर हे वापरूच नका. खाली लांबी (पुट्टी) भरलेली असेल तर टॅबबरोबर रंगाचा पोपडाच हातात येतो. जुनी गाडी घेतली असेल तर आधी चुंबक फिरवून बघा. जाड लांबीवर तो नीट चिकटत नाही. धारदार घडी, पॅनलची कड आणि बॉडी लाइनवरचा (पत्र्यावरच्या उठावदार रेषेवरचा) पोचा कारागिराकडेच न्या. बंपर प्लॅस्टिकचा, तिथे गरम पाणी ओतून आतून दाबायचं; किटचं काम नाही.

एखाद्या पोच्यासाठी विम्याचा क्लेम करण्याआधी हिशेब करा. क्लेम केला की पाच वर्षांत 50 टक्क्यांपर्यंत चढलेला नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) शून्यावर येतो, शिवाय 1500 सीसीपर्यंतच्या कारला 1000 रुपये खिशातून जातातच.