बुलेटच्या इंजिनावरचा जुना रंग काढायचाय: ब्लास्टिंग करावं का पेंट रिमूव्हर?

जुनी कास्ट आयर्न बुलेट (सिलिंडरचा ब्लॉक बिडाचा, त्याखालची इंजिनाची पेटी म्हणजे क्रँककेस ॲल्युमिनियमची) घेतली की इंजिनाला सिल्व्हर रंग मारलेला असतोच. विकणारा माणूस गाडी दाखवायच्या आदल्या दिवशी वर्षानुवर्षांच्या ऑइलच्या थरावरच स्प्रे मारतो, फोटोत गाडी चकाचक दिसते, आणि पहिल्या पावसाळ्यात पापुद्रे सुटायला लागतात. माझ्या ३५० वर तर तीन थर निघाले, वर सिल्व्हर, त्याखाली काळा, त्याखाली परत सिल्व्हर, म्हणजे गाडी किमान तीनदा विकायला काढली असणार.

आतापर्यंत दोन इंजिनं साफ केलीत, पहिलं माझं, ते ग्लास बीड ब्लास्टिंगने (म्हणजे हवेच्या दाबाने काचेचे बारीक मणी मारून), आणि दुसरं मामाच्या बुलेटचं, ते पेंट रिमूव्हरने. खाली जे लिहितोय ते एवढ्याच जिवावर. तुमचा अनुभव उलटा असू शकतो आणि ज्यांच्या हाताखालून शंभर इंजिनं गेलीत त्यांनी मला खुशाल खोडून काढावं.

आधी जे करायचंच नाही ते. कॉस्टिक सोडा. कुणीतरी सांगतंच की कॉस्टिकच्या पाण्यात बुडवून ठेव, सकाळपर्यंत रंग निघतो. रंग निघतो हे खरं, पण ॲल्युमिनियम पण त्यात विरघळतं, फसाफसा हायड्रोजन सुटतो आणि क्रँककेस काळीठिक्कर होऊन बाहेर येते. लोखंडी स्टँड आणि फूटरेस्टला चालतं ते इंजिनाला चालत नाही. दुसरं म्हणजे ड्रिलला लावायचा तारेचा ब्रश, त्याने चरे पडतात ते पडतातच, वर लोखंडाचे बारीक कण ॲल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि पुढे तिथे तांबूस ठिपके उठतात. ब्रश वापरायचाच तर पितळी आणि हातानेच.

आता ब्लास्टिंग. दिसण्याच्या बाबतीत याला तोड नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्याकडे कोल्हापुरात उद्यमनगर आणि शिरोलीच्या बाजूला फाउंड्र्या आहेत त्यामुळे ब्लास्टिंगवाला शोधायला लागत नाही, पण तिथेच एक गोम आहे. फाउंड्रीत असतं ते शॉट ब्लास्टिंग, पोलादी छऱ्यांचं, बिडाच्या कास्टिंगसाठी. तिथला माणूस चांगुलपणानेच म्हणतो "आण की भावा, दहा मिनिटात करून देतो", आणि ॲल्युमिनियमची केस त्यात घातली की जिथे दोन भाग एकमेकांवर बसतात त्या तोंडांवर खड्डे पडतात, मग कुठलंही पॅकिंग घाला, ऑइल येणारच. (बुलेट तशीही गळतेच, पण निदान आपल्या हाताने भर नको.) साध्या वाळूने पण पृष्ठभाग इतका खरबरीत होतो की पुढे सगळी घाण त्यात धरते, शिवाय ती कोरडी धूळ फुफ्फुसाला वाईट. म्हणून ग्लास बीडच, आणि जवळपास पाण्यासकट मारणारं व्हेपर ब्लास्टिंग मिळत असेल तर अजून उत्तम, त्याचं फिनिशिंग जास्त गुळगुळीत येतं आणि डाग कमी धरतं असं मी पाहिलंय, पण स्वतः करून घेतलेलं नाही.

मी इंजिन पूर्ण खोललं, बेअरिंगा काढल्या, तोंडांवर टेप लावली, आट्यांमध्ये जुने बोल्ट फिरवून बसवले आणि केस देऊन आलो. संध्याकाळी परत मिळाली तेव्हा अक्षरशः बघत बसलो. एकसारखा दुधी राखाडी रंग, फिन्सच्या मुळापर्यंत स्वच्छ, जणू काल ओतलेली.

आणि मग ते मणी.

ज्यांनी हे इंजिन खोललंय त्यांना माहितीच आहे की बुलेटची ऑइलची टाकी वेगळी नसते, ती क्रँककेसच्याच मागच्या भागात ओतलेली असते. आत कोपरे, कप्पे, भोकं, आणि ऑइल जायच्या बारीक वाटा. वर्कशॉपवाल्याला मी सांगितलं होतं की ऑइल भरायचं तोंड बंद कर, त्याने कागदाचा बोळा कोंबला होता, तो हवेच्या दाबाने कधी उडाला कुणास ठाऊक. काचेचे मणी म्हणजे साखरेएवढे पण नसतात, जवळपास पिठासारखे, आणि जुन्या ऑइलच्या चिकट थराला ते असे बसतात की बस्स. एकदा रॉकेलने धुतलं, मग कॉम्प्रेसरची हवा, मग गरम पाणी आणि साबण, मग परत रॉकेल. प्रत्येक वेळी ट्रेमध्ये खाली चमकणारी रांगोळी. तीन संध्याकाळी गेल्या यात. चौथ्या दिवशी मला वाटलं झालं, म्हणून स्टडच्या भोकात आटे पाडायचा टॅप फिरवला तर त्याच्याबरोबर परत चिमूटभर बाहेर. सायकलच्या स्पोकला कापड गुंडाळून एकेक वाट साफ केली.

शेवटी इंजिन बांधलं. दोनशे किलोमीटरला ऑइल काढलं, दोन बोटांत चोळून बघितलं तर भाकरीत कचकच लागते तशी कचकच. खूप नाही. पण लागली. फेल्टच्या फिल्टरने काही धरलं असेल, पण फिल्टर पंपाच्या पुढे, म्हणजे पंपातून ते सगळं आधी गेलेलंच, आणि या जुन्या इंजिनात बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला, फिरता बुश असतो, त्याच्यात काच जाणं हा विचारच मला झोपू देईना. लगोलग दुसरं ऑइल, मग तिसरं. पुढे वर्षाभरात बिग एंडचा आवाज सुरू झाला. तो मण्यांमुळेच आला असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, बुश जुनाच होता. पण डोक्यातला संशय काही गेला नाही.

म्हणून मामाच्या गाडीला रिमूव्हर. त्यांचं इंजिन आतून नुकतंच केलेलं होतं, खोलायचा प्रश्नच नव्हता, आणि माझ्या दृष्टीने रिमूव्हरची सगळ्यात मोठी सोय हीच की बांधलेल्या इंजिनावर काम करता येतं. इंजिन फ्रेममधून उतरवलं, कार्ब्युरेटरचं तोंड, सायलेन्सरचं तोंड, ब्रीदर, सगळं पक्कं बंद केलं, ऑइल सीलच्या जागी जाड टेप लावली कारण रबराला हे लागलं की ते फुगतं. मग जाड थर लावायचा, घासायचा नाही, फक्त लावायचा, आणि वरून स्वयंपाकघरातलं प्लास्टिक गुंडाळायचं म्हणजे वाळत नाही. वीस मिनिटात रंगाला फोड येतात.

त्रास नाही असं नाही. फिन्सच्या मधला लगदा काढायला आइस्क्रीमच्या काड्या, टूथब्रश, सुतळी असं सगळं लागलं, दोन रविवार गेले, आणि मामी म्हणाल्या की हे गच्चीवरच करा, घरात वास नको. ते बरोबरच आहे, कारण जे रिमूव्हर झपाट्याने काम करतं त्यात बहुतेक वेळा मिथिलीन क्लोराईड असतं, अमेरिकेत २०१९ पासून असलं रिमूव्हर साध्या गिऱ्हाइकाला विकायलाच बंदी आहे. बंद बाथरूममध्ये तर चुकूनसुद्धा नको, याच्या वाफेने माणसं दगावलीत. पातळ हातमोजे पाच मिनिटांत मऊ पडतात, आणि थेंब मनगटावर पडला की कळतं काय चीज आहे. अजून एक, यात मेण असतं, ते नुसत्या पाण्याने जात नाही. रंग निघाल्यावर थिनरने दोनदा पुसून घ्या, नाहीतर नवीन रंग धरणार नाही आणि दोष रंगाला देत बसाल.

फिनिशिंग ब्लास्टिंगसारखं येत नाही. मामाच्या केसवर अजून दोन-तीन ठिकाणी काळपट डाग आहेत, रंगाखाली ॲल्युमिनियम खाल्लं गेलेलं होतं तिथे. स्कॉचब्राइट आणि रॉकेलने बरंच निघालं, टायमिंग कव्हरला बफिंग करून घेतलं. शेजारी दोन्ही गाड्या लावल्या तर लोक माझ्या इंजिनाचा फोटो काढतात, मामाच्या नाही. पण रात्री शांत झोप मामाला लागते.

तुम्ही इंजिन आतून-बाहेरून सगळं करणारच असाल, धुवायला वेळ असेल आणि ब्लास्टिंगवाला स्वतः मोटरसायकलची कामं करणारा असेल तर ब्लास्टिंगला मी नको म्हणणार नाही. ब्लॉकला तर मी पण परत तेच करीन, तो बिडाचा असतो, गंज रिमूव्हरने जात नाही आणि धुवायला सोपा आहे, पुशरॉडच्या वाटा तेवढ्या ब्रशने साफ करायच्या. फक्त ब्लॉक आणला त्याच संध्याकाळी त्याच्यावर प्रायमर मारा. मी जुलै महिन्यात एक रात्र तसाच ठेवला होता आणि सकाळी तो पिवळा झालेला.