जुनी स्कॉर्पिओ, एक्सयूव्ही ५०० की सफारी स्टॉर्म: कुठली गाडी कुठे त्रास देते

नवीन हॅचबॅकच्या पैशात मोठी डिझेल गाडी बघायला निघालं की माणूस फिरून फिरून ह्या तीनच गाड्यांवर येतो. महिंद्राची एमहॉक (त्यांचं २.२ लिटर डिझेल) इंजिनवाली स्कॉर्पिओ, महिंद्राचीच एक्सयूव्ही ५०० आणि टाटाची सफारी स्टॉर्म. तिन्ही आपल्या महाराष्ट्रातच बनलेल्या, तिन्हींचं इंजिन कागदावर २१७९ सीसी, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की खर्चपाणी पण साधारण सारखंच असणार, मग जी दिसायला भारी आणि जिचा सौदा स्वस्तात जमतोय ती घ्यायची. इथेच लोक फसतात. माझं म्हणणं एवढंच आहे की ह्या वयाच्या गाडीत काही ना काही निघणारच, तर सौद्याची किंमत बघण्याआधी जे निघेल ते तुमच्या गावात, तुमच्या मिस्त्रीकडून दुरुस्त होतंय का ते बघा.

आधी कुठल्या गाड्यांबद्दल बोलतोय ते सांगतो. स्कॉर्पिओला एमहॉक २००९ पासून आहे, २०१४ ला नवीन चेसिस आणि नवा चेहरा आला. त्यातलं २.५ लिटरचं जुनं इंजिन असलेलं एस२ वगैरे मॉडेल मी धरत नाहीये, तो वेगळा विषय. एक्सयूव्ही ५०० आली २०११ ला आणि एक्सयूव्ही ७०० आल्यावर २०२१ ला बंद झाली. स्टॉर्म २०१२ ते २०१९. आत्ता बाजारात फिरणाऱ्या गाड्या बहुतेक २०१२ ते २०१८ मधल्या, म्हणजे प्रदूषणाच्या बीएस३ किंवा बीएस४ नियमातल्या, आणि ही चांगलीच गोष्ट आहे कारण २०२० नंतरच्या बीएस६ डिझेलमधलं डीपीएफचं (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं) लफडं ह्यात नाही.

इंजिनपासून सुरू करू. इंजिन ह्या तिघींचा सगळ्यात भक्कम भाग आहे, वेळेवर ऑइल बदललेलं असेल तर दोन-अडीच लाख किमी आरामात जातात. त्रास असतो तो इंजिनच्या आजूबाजूला. ईजीआर व्हॉल्व्हमध्ये (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) कार्बन साचतो आणि गाडी दम टाकते, इंटरकूलरचा होज पाईप फाटतो किंवा ढिला होतो आणि टर्बोचं प्रेशर गळतं, टर्बोचा अॅक्च्युएटर अडकतो, भेसळीच्या डिझेलने नोजल जातात. हे तिन्हीत होतं. पिकअप गेलाय म्हटलं की टर्बो बदला सांगणारे खूप भेटतील, पण आधी होज आणि ईजीआर बघायला लावा, कारण कित्येकदा किरकोळ पाईपच्या जागी लोकांनी आख्खा टर्बो बसवून घेतलेला असतो. एमहॉकला टायमिंग चेन आहे, बेल्ट नाही, त्यामुळे ठराविक किमीला बेल्ट बदलायचा खर्च वाचतो, पण थंड इंजिन सुरू करताना पुढून चेनची खरखर येत असेल तर ते काम जवळ आलंय असं समजा. म्हणून विक्रेत्याला सांगून ठेवायचं की आम्ही यायच्या आधी गाडी स्टार्ट करू नका, आणि पोचल्यावर पहिल्यांदा बोनेटला हात लावून बघायचा. गरम असेल तर परत दुसऱ्या दिवशी सकाळी जा, तेवढी चक्कर वाया जाऊ दे.

आता क्लच, आणि इथे जरा थांबतो कारण तिघींतला खरा फरक इथे कळतो. स्कॉर्पिओ आणि स्टॉर्ममध्ये इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलंय, मागे गिअरबॉक्स, मागच्या चाकाला ताकद, म्हणजे जुन्या जीपची पद्धत. गिअरबॉक्स खालून सोडवला, क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट टाकली, परत चढवला, हे काम तालुक्याच्या गावातला मिस्त्री डोळे झाकून करतो. एक्सयूव्हीत जवळपास तेच एमहॉक इंजिन आहे पण आडवं बसवलंय, ताकद पुढच्या चाकांना, सगळं एकमेकात दाटीवाटीने कोंबलेलं, त्यामुळे गिअरबॉक्स काढायचा तर एक्सल काढा, खालची सबफ्रेम सोडवा, मजुरीच केवढी होते. वर त्यात ड्युअल मास फ्लायव्हील आहे, म्हणजे आत स्प्रिंगा असलेलं दोन भागांचं फ्लायव्हील, गाडी मऊ चालावी म्हणून दिलेलं. ते झिजलं की घासून परत वापरता येत नाही, नवीनच टाकावं लागतं, आणि नुसता क्लच ज्या बिलात झाला असता ते बिल सरळ दुप्पट किंवा त्याच्याही वर जातं. एक्सयूव्हीचे मालक सगळ्यात जास्त कुरकुर करतात ती ह्याच कामावरून, आणि ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर चालवलेली गाडी असेल तर ते लवकर येतं. एकच इंजिन, एकच कंपनी, पण दुरुस्तीचं बिल बघाल तर दोन वेगळ्या दुनियेतल्या गाड्या वाटतील.

तपासायचं कसं? न्यूट्रलला गाडी चालू ठेवा, क्लच सोडलेला असताना खडखड ऐकू येते आणि क्लच दाबला की ती थांबते किंवा बदलते, आणि इंजिन बंद करताना ठणका मारल्यासारखा आवाज येतो, तर फ्लायव्हील किंवा क्लचचं बेअरिंग, दोन्हीतलं काहीतरी आहे. मग मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये चाळीस-पन्नासच्या स्पीडला अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम काटा पळतोय आणि गाडी जागच्या जागीच वाटतेय म्हणजे क्लच घसरतोय. ही टेस्ट तिन्ही गाड्यांना करा, पण एक्सयूव्हीला काहीही झालं तरी चुकवू नका, आणि शंका आली तर क्लच आणि फ्लायव्हीलचे पैसे सौद्यातून सरळ कापून मागा.

खालचं काम, म्हणजे सस्पेन्शन. आपले रस्ते माहितीच आहेत. स्कॉर्पिओत पुढचे बॉल जॉइंट, बुश, लिंक रॉड जातात, मागून गाडी हलते, शॉकअप बसतात. पार्ट सगळीकडे मिळतात आणि ओरिजिनल नको असेल तर लोकल पण भरपूर आहेत (माझं मत विचाराल तर बॉल जॉइंट आणि स्टेअरिंगच्या कुठल्याही पार्टला लोकल माल लावू नका, बाकी ठिकाणी बघू). २०१४ च्या आधीच्या स्कॉर्पिओपेक्षा नंतरची रस्त्याला बरीच जास्त धरून चालते, दोन्ही बजेटमध्ये बसत असतील तर नंतरचीच घ्या. एक्सयूव्हीत पुढून कटकट आवाज ही कायमची तक्रार, लोअर आर्मचे बुश, स्ट्रट माउंट, लिंक रॉड, आणि मागे पण मल्टीलिंक असल्याने बुशांची संख्याच जास्त, एक बदलला की दुसरा बोलायला लागतो. वर एक्सलचे बूट फाटून ग्रीस बाहेर आलंय का तेही बघायला लागतं, जे बाकी दोघींच्या साध्या टू व्हील ड्राइव्ह गाड्यांत पुढे नसतंच. स्टॉर्मचं सस्पेन्शन तिघींत सगळ्यात आरामदायी, खड्ड्यातून जाताना कळतही नाही, पण गाडी दोन टनांच्या घरात आहे आणि ते वजन कुणीतरी सोसतंच. बॉल जॉइंट, टायर आणि ब्रेक पॅड भराभर जातात, पॉवर स्टेअरिंगची ऑइलगळती तपासायची, मागच्या डिफरन्शियलच्या सीलमधून ऑइल झिरपतंय का आणि साठ-सत्तरला मागून घुंईं आवाज येतोय का ते बघायचं. काच खाली करून गतिरोधकावरून एकदा डावं चाक आणि एकदा उजवं चाक असं तिरकं जा, जे काय बोलायचंय ते गाडी स्वतः बोलते.

इलेक्ट्रिकमध्ये फार बोलण्यासारखं नाही, जेवढे फीचर तेवढा ताप. एक्सयूव्ही सगळ्यात भरलेली, त्यामुळे सेन्सर, हँग होणारी स्क्रीन, तुटणारे दरवाज्याचे हँडल, आणि सनरूफ असेल तर त्याची पाणी जायची नळी तुंबून छतातून टपकणारं पाणी, हे सगळं तिच्याच वाट्याला. मीटरवर लाईट लागलेली असेल तर स्कॅनर लावल्याशिवाय पुढे बोलूच नका, आणि चावी फिरवल्यावर सगळ्या लाईटी एकदा लागून विझतात का ते बघा, कारण खराबी लपवायला बल्बच काढून ठेवणारे महाभाग आहेत. स्टॉर्मला पॉवर विंडो आणि सेंट्रल लॉकिंगच्या तक्रारी असतात. एसीची कूलिंग कॉइल तिन्हीत लीक होते, डॅशबोर्ड खोलायला लागतो, मे महिन्यात दुपारी चालवून बघा, विषय संपला.

गंजाबद्दल मात्र नीट बोलायला पाहिजे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, अलिबाग, गोवा, ह्या पट्ट्यातली गाडी असेल तर इंजिन कितीही गोड चालू दे, आधी खाली झोपून बघा. स्कॉर्पिओचा पत्रा दरवाज्याच्या खालच्या कडेला, मागच्या दाराला, चाकाच्या कमानीत आणि फूटबोर्डच्या आत सडतो. वरून पुट्टी आणि रंग मारून गाडी चकाचक करून देतात, म्हणून लोहचुंबक फिरवून बघा, जिथे चिकटत नाही तिथे आत पुट्टी आहे. स्कॉर्पिओ आणि स्टॉर्मला वेगळी चेसिस आहे, वरचा पत्रा सडला तरी तो कापून नवीन जोडता येतो, फक्त चेसिसला वेल्डिंग केलेलं दिसलं तर तिथूनच मागे फिरा. एक्सयूव्हीत बॉडी हीच चेसिस, तिथे खालच्या सांगाड्याला गंज लागला किंवा मोठा अपघात झाला तर ती गाडी परत पहिल्यासारखी सरळ करणं फार अवघड, म्हणून ती अपघाताची असेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी नको.

पार्ट मिळण्याच्या बाबतीत स्कॉर्पिओचा हात कोणी धरणार नाही. तीच गाडी २०२२ पासून स्कॉर्पिओ क्लासिक नावाने विकली गेली, त्यामुळे इंजिन आणि खालचं सामान तुटवड्यात नाही. एक्सयूव्ही बंद झाली असली तरी विकली भरपूर गेली होती, शहरात पार्ट मिळतो, गावात ऑर्डर टाकून थांबावं लागतं. स्टॉर्म मात्र मुळातच कमी विकली गेली. लष्कराने २०१७ ला ३,१९२ गाड्यांची ऑर्डर दिली होती पण आपल्याला त्याचा काय उपयोग, सर्व्हिसचे फिल्टर, पॅड मिळतात, पण हेडलाइट, बंपर, आतलं प्लास्टिक ह्याच्यासाठी पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याला फोन फिरवत बसायची तयारी ठेवा. आणि एक, काउंटरवर नुसतं सफारी म्हणू नका, २०२१ ला त्याच नावाने आलेली सफारी पूर्ण वेगळी गाडी आहे, स्टॉर्म आणि वर्ष सांगा नाहीतर भलताच पार्ट हातात पडेल.

दिल्ली पासिंगच्या गाड्या स्वस्तात का येतात हे पण विचारतात बरेच जण. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदीचे आदेश निघाले होते म्हणून त्या दहा वर्षं भरत आली की बाहेरच्या राज्यात विकल्या जाऊ लागल्या. समुद्र नसल्याने पत्रा चांगला असतो हे खरं, पण एनओसी, इथला रोड टॅक्स, नवीन नंबर हे सगळं जोडून मग किंमत बघा. आणि आरसीवर सीसी वाचा. डिसेंबर २०१५ पासून ऑगस्ट २०१६ पर्यंत दिल्लीत २००० सीसी आणि वरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी बंद होती, तेव्हा महिंद्राने स्कॉर्पिओ आणि एक्सयूव्हीत १.९९ लिटरचं एमहॉक टाकून विकलं. ते इंजिन वाईट नाही, पण इथे दुर्मिळ आहे, इंजिनच्या आतला पार्ट लागला तर शोधत बसाल. तसंच कुठलीही २०११-१२ ची गाडी घेताना १५ वर्षांनी होणाऱ्या रिपासिंगचा खर्च आत्ताच धरा, १ एप्रिल २०१९ आधीची असेल तर एचएसआरपी प्लेट लागलीय का ते बघा.

सुरक्षेचं पण बोलायलाच हवं, घरच्यांना बसवणार आहात. २०१६ ला ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओची क्रॅश टेस्ट केली तेव्हा शून्य स्टार मिळाले. त्यामुळे स्कॉर्पिओ घ्यायची तर दोन एअरबॅग आणि एबीएस असलेलं वरचं मॉडेलच घ्या, ह्या बाबतीत पैसे वाचवू नका. स्टॉर्मलाही हेच लागू.

मग घ्यायची कुठली? तुम्ही तालुक्याच्या गावात किंवा त्याच्याही आत राहता, शेतावर, घाटात, लग्नकार्याला माणसं भरून गाडी जाते, आणि जवळचं कंपनीचं वर्कशॉप दीड तासावर आहे, तर २०१४ नंतरची स्कॉर्पिओ, दुसरा विचार नको. तिला कामं निघतील, पण एका दिवसात होतील आणि दर वेळी खिशाला मोठी कात्री लागणार नाही. पुण्या-मुंबई-नाशिकसारख्या शहरात राहता, महिन्यातून दोनदा हायवेवर लांब जाता, तर एक्सयूव्ही तिघींत सगळ्यात चांगली पळते आणि १४० बीएचपीची मजा वेगळीच आहे, फक्त २०१५ च्या फेसलिफ्टनंतरची, एका मालकाची, सर्व्हिस रेकॉर्ड असलेली बघा आणि एका क्लच-फ्लायव्हीलचे पैसे पहिल्या दिवसापासून बाजूला काढून ठेवा. हे पैसे बाजूला काढणं जमत नसेल तर एक्सयूव्ही घेऊ नका. स्टॉर्म मी फक्त एकाच माणसाला घे म्हणेन, ज्याला ती गाडी मनापासून आवडते, ज्याच्याकडे टाटाच्या मोठ्या गाड्यांवर हात बसलेला मिस्त्री आहे, आणि पार्ट येईपर्यंत आठ-पंधरा दिवस चालवायला घरात दुसरी गाडी आहे. तशी परिस्थिती असेल तर २०१६ नंतरची व्हॅरिकॉर ४०० इंजिनवाली शोधा, ४x४ असेल तर विक्रेत्यासमोर मातीत नेऊन ४x४ चालू-बंद करून बघा, वर्षानुवर्षं न वापरल्याने ते अडकलेलं असण्याची शक्यता जास्त.