देवयानी की मॅगेलनचा मोठा मेघ?

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तारकानिर्मितीचा इतिहास हा विषय ठरला, पण दीर्घिका कोणती घ्यायची यावर गाडी अडली आहे? आधी एकच ठरवा: काळात किती मागे जायचं आहे?

मेघ, म्हणजे आपल्या आकाशगंगेची छोटी सोबती दीर्घिका, १.६ लाख प्रकाशवर्षांवर आहे; देवयानी (अँड्रोमेडा) ही मोठी सर्पिल दीर्घिका २५ लाखांवर. जुना काळ वाचायचा तर सूर्यासारखे मंद तारे एकेकटे मोजता यायला हवेत. इंधन संपत आलं की तारा मुख्य क्रम (आयुष्याचा लांब, स्थिर टप्पा) सोडून वळतो आणि त्या वळणावरून वय कळतं. सर्वांत जुन्या ताऱ्यांचं हे वळण मेघात साधारण २२व्या प्रतीला (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद) दिसतं, देवयानीत २८व्या प्रतीच्याही पलीकडे. हबलने तिथवर मजल मारली, पण साडेतीन दिवसांचा प्रकाश साठवून, आणि तीही बाहेरच्या विरळ भागात. देवयानीच्या तबकडीत ताऱ्यांची इतकी दाटी आहे की मंद तारे सुटे होतच नाहीत.

शिवाय मेघाची गोष्टच जास्त रंगतदार. हॅरिस आणि झारित्स्की या खगोलशास्त्रज्ञांनी २००९ साली २ कोटी ताऱ्यांवरून त्याचा इतिहास मांडला. सुमारे १२ ते ५ अब्ज वर्षांपूर्वीच्या काळात तारकानिर्मिती जवळपास थंडावली होती, जड मूलद्रव्यांचं प्रमाणही जागच्या जागी राहिलं. मग मोठ्या आणि लहान अशा दोन्ही मॅगेलन मेघांत तारकानिर्मिती एकाच सुमारास पुन्हा पेटली. दोघांची काही झटापट झाली असावी, असा संशय येतोच. तारकागुच्छांतही हीच पोकळी दिसते: तिच्यात जन्मलेला म्हणून ईएसओ १२१ या एकाच गुच्छाचं नाव वर्षानुवर्षं घेतलं जातं.

देवयानीची बाजू लंगडी नाही. हबलच्या फॅट सर्वेक्षणात तिच्या तबकडीच्या साधारण एक तृतीयांश भागातले ११.७ कोटी तारे मोजले गेले. गेल्या ५० कोटी वर्षांचा हिशेब त्यातून छान निघतो. केंद्रापासून सुमारे ३३ हजार प्रकाशवर्षांवरचं कडं निदान ४० कोटी वर्षं तारे घडवतंय, हे त्यातूनच कळलं. सर्पिल दीर्घिकेची रचना हा प्रश्न असेल तर बिनधास्त देवयानी घ्या. मात्र ती आपल्याला बरीच कललेली दिसते, त्यामुळे धुळीचा हिशेब डोकं खातो.

(दिवाळीच्या सुमारास गावाकडच्या अंधाऱ्या आकाशात देवयानी नुसत्या डोळ्यांनी दिसते. मेघ पुण्याहून क्षितिजावर जेमतेम दोन अंश चढतो, म्हणजे दिसत नाहीच. पण माहिती संग्रहातूनच घेणार असाल तर याने काही अडत नाही.)

मी मेघच घेईन. तो आकाशात दहाएक अंश पसरलाय, तेव्हा सगळा घेऊ नका. दोन-तीन तुकडे निवडा, आणि मध्ये येणारे आपल्या आकाशगंगेचे तारे आधी वगळा.