रिमॅप केलेला ट्रक आणि न बदललेला टर्बो: माझी झालेली फसवणूक

माझ्याकडे एकच ट्रक आहे: दहाचाकी, बीएस-४ (प्रदूषणाच्या चौथ्या टप्प्याच्या नियमांचा), २०१८ सालचा, जुना घेतलेला. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत पत्रा आणि सळया आणायच्या, हे त्याचे ठरलेले काम आणि त्यावरच आमचे घर चालते. त्याच्या इंजिनावरून एका गॅरेजवाल्याने मला कसे फसवले ते क्रमाने लिहितो, कारण एक-दोन गाड्यांचे माझ्यासारखे मालकच अशा लोकांच्या हाती सहज सापडतात.

या गॅरेजवाल्याने लॅपटॉप जोडून ईसीएममधला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातला, प्रोग्रॅम बदलून दिला, म्हणजे गाडी रिमॅप केली, आणि २२,००० रुपये घेतले. घाटात गाडी एक गिअर वर चालेल, डिझेल वाचेल आणि युरियाचा, म्हणजे धूर स्वच्छ करण्यासाठी त्यात सोडल्या जाणाऱ्या द्रवाचा, खर्चही बंद होईल, असे त्याने सांगितले. युरिया बंद करायला मी होकार दिला, ही माझी चूक होती. पावती मागितली तेव्हा ‘या कामाची पावती नसते’ असे उत्तर मिळाले, आणि मी तेही चालवून घेतले. चार महिने गाडी खरोखरच चांगली ओढत होती.

ऑक्टोबरमध्ये १७ टन पत्रा घेऊन कसारा घाट चढताना ड्रायव्हरचा फोन आला. “शेठ, गाडी एकदम बसली. फट्ट असा आवाज झाला, आता दुसऱ्यातसुद्धा चढत नाही. मागे नुसता काळा धूर आहे.” जागेवर उभी असताना इंजिन सुरळीत चालत होते आणि डॅशबोर्डवर एकही दिवा लागलेला नव्हता. पहिल्या गिअरमध्ये रांगत गाडी कशीबशी इगतपुरीला पोहोचली आणि माल उतरवून मी ती त्याच गॅरेजवर नेली.

त्याने बिघाड तपासणारा स्कॅनर लावला, ‘एकही कोड नाही’, म्हणजे बिघाडाची नोंदच नाही, हे मला पडद्यावर दाखवले आणि त्यावरूनच सेन्सर, वायरिंग, पाईप सगळे ठीक असून टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) आणि इंजेक्टर (डिझेल फवारणारे भाग) गेले आहेत, असे ठामपणे सांगितले. चार दिवसांनी ८६,५०० रुपयांचे बिल हातात आले: नवा टर्बो ५२,०००, इंजेक्टर २१,००० आणि उरलेली मजुरी. जुना टर्बो मागितला, तर तो ‘बदलीत कंपनीला गेला’ होता. तिसऱ्याच खेपेला, जवळपास त्याच चढावर, गाडी पुन्हा तशीच बसली. आता ‘ईसीएम जळाला आहे’ म्हणून आणखी ४०,००० मागितले, तेव्हा कुठे मला संशय आला.

मग मी नाशिकला आडगावच्या ट्रक टर्मिनलजवळ एका जुन्या डिझेल मेकॅनिककडे गेलो. त्यांनी स्कॅनरला हातही लावला नाही. गाडीखाली शिरून टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतच्या, म्हणजे ती हवा थंड करणाऱ्या जाळीपर्यंतच्या, पाईपवरून त्यांनी तळहात फिरवला. खालच्या वळणावर हात तेलाने माखला. तिथली क्लिप सैल केली तर तिच्याखालून काळ्या टेपचे वेढे निघाले, आणि टेप सोलल्यावर रबरी पाईपला चार बोटे लांबीची चीर दिसली. तेलाने रबर मऊ पडलेले होते. अंगठ्याने दाबले की चीर ओठांसारखी उघडायची आणि सोडले की मिटायची. उभ्या गाडीत टर्बोचा दाब नसतो म्हणून ती मिटलेली राहायची. भरलेली गाडी चढाला लागली की दाब वाढून तीच चीर उघडायची आणि हवा इंजिनाऐवजी बाहेर जायची.

रिमॅपचा संबंध त्यांनी तिथेच समजावून सांगितला. पिकअप वाढवण्यासाठी टर्बोचा दाब वाढवला होता आणि तो जुन्या रबराला पेलला नाही. मूळ प्रोग्रॅममध्ये हवा कमी पडली की डिझेलही कमी होते. ती मर्यादा सैल केल्यामुळे डिझेल येत राहिले आणि धूर झाला. शिवाय त्याने दोषांचे कोडच प्रोग्रॅममधून बंद करून टाकले होते. ज्या रिकाम्या पडद्याच्या आधारावर त्याने मला टर्बो विकला, तो पडदा त्यानेच रिकामा केलेला होता! या गोष्टीचा मला आजही सर्वांत जास्त संताप येतो.

टर्बोबद्दलचा संशयही खरा ठरला. ट्रक घेताना मी इंजिनाचे फोटो काढून ठेवले होते, त्यात टर्बोवरच्या पाटीचा सिरीयल नंबर स्पष्ट दिसतो. ‘नव्या’ टर्बोवरचा चंदेरी रंग खरवडल्यावर तोच नंबर, शेवटच्या आकड्यापर्यंत, वाचता आला. पाईप बदलायला १,८०० रुपये लागले आणि गाडी पूर्ववत चढू लागली.

जाब विचारायला गेलो तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “करा तक्रार. युरिया तुमच्याच गाडीचा बंद आहे.” त्याचा सगळा धंदा याच भीतीवर उभा आहे. धुराची यंत्रणा निकामी करून गाडी चालवणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून मी आधी अधिकृत वर्कशॉपमध्ये मूळ प्रोग्रॅम पुन्हा भरून घेतला, युरियाची यंत्रणा सुरू केली, आणि मगच जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दिली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. व्यावसायिक कामासाठी घेतलेल्या सेवेची तक्रार एरवी चालत नाही. पण स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याला त्यात सूट आहे, हे एकट्या गाडीच्या मालकांनी वकिलाला आवर्जून सांगावे.

रिमॅप केलेली गाडी भाराखाली अचानक बसली आणि धूर मारू लागली, तर टर्बोला हात लावू देण्याआधी हवेचे पाईप आणि क्लिपा साबणाचे पाणी टाकून, हलका दाब देऊन तपासायला लावा, आणि एअर फिल्टरही पाहा. काम देण्यापूर्वी टर्बोच्या पाटीचा फोटो घ्या आणि जुने भाग ताब्यात मिळतील असे बिलावर लिहून घ्या. माझ्या तक्रारीला सुनावणीची तारीख अजून पडलेली नाही. टेपचे वेढे असलेला तो पाईप मी तारीख लिहून, पिशवीत बांधून कपाटात ठेवला आहे.